शंभर माणसांचा कोटा आणि दहा लाखांची रांग

१९४६ ते १९६५ या काळात कायमचं राहायला म्हणून वर्षाला किती भारतीयांना अमेरिका दार उघडत होती? शंभर. अख्ख्या देशाला मिळून शंभर. एसटीच्या दोन गाड्या भरल्या की वर्षाचा कोटा संपला. आज भारतात जन्मलेले तीस लाखांच्या आसपास लोक अमेरिकेत राहतात. शिवाय नोकरीच्या आधारावर ग्रीन कार्ड, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळावा म्हणून रांगेत असलेल्या भारतीयांचा आकडा, बायकामुलं धरून, दहा लाखांच्या पुढे मोजला जातो.

या दोन आकड्यांच्या मधे १९६५ चा एक कायदा आहे. तो मांडणारे सिनेटर फिलिप हार्ट आणि प्रतिनिधी इमॅन्युएल सेलर, म्हणून त्याला हार्ट-सेलर कायदा म्हणतात. अमेरिकेत नातेवाईक नसलेलं मराठी मध्यमवर्गीय घर आता शोधावं लागतं, आणि त्याचं मूळ बऱ्याच अंशी याच कायद्यात आहे. नवल म्हणजे तो करणाऱ्यांच्या मनात असं काही नव्हतं. त्यातलं कुटुंबाचं कलम पुढे आणलं गेलं ते युरोपीय वळण टिकावं म्हणून, आणि त्याच कलमाने आशियाई लोक आले. प्रत्येक देशाला सारखी मर्यादा घातली ती भेदभाव संपावा म्हणून, आणि त्याच मर्यादेत आज भारतीय अडकले आहेत.

त्याआधी काय होतं

अमेरिकेचा नागरिकत्वाचा पहिला कायदा १७९० चा. परदेशातून आलेल्यांपैकी फक्त 'स्वतंत्र गोऱ्या व्यक्ती'ला नागरिक होता येईल, असं त्यात स्पष्ट होतं. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही ती मुभा मिळाली. आशियाई लोकांचं मात्र नाव नव्हतं. नागरिक होता येत नसलं तरी येऊन राहायला बराच काळ फारशी आडकाठी नव्हती. तिथेही १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी घालून सुरुवात झाली.

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाला शिकायला गेल्या तेव्हा भारतीयांना अडवणारा कायदा नव्हता. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हाही नव्हता. पण पश्चिम किनाऱ्यावर लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांवर काम करणाऱ्या पंजाबी मजुरांविरुद्ध वातावरण तापलं होतं. १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात गोऱ्या कामगारांच्या जमावाने त्यांना मारहाण करून गावाबाहेर हाकललं. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे याच किनाऱ्यावर शिकले आणि याच मजुरांमध्ये राहून गदर चळवळीत उतरले. १९१७ मध्ये संसदेने नकाशावर एक 'बंदी घातलेला आशियाई पट्टा' आखला आणि भारत त्यात आला. विद्यार्थ्यांना सूट होती, मजुरांना नव्हती.

मग आला १९२३ चा भगतसिंग थिंड खटला. थिंड पंजाबचे, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात भरती झालेले. त्यांचा युक्तिवाद असा होता: मानववंशशास्त्र उत्तर भारतीयांना कॉकेशियन म्हणतं, मी उच्च जातीचा आर्य आहे, म्हणून कायद्याच्या भाषेत गोरा आहे. जातीबाहेर लग्न न करणाऱ्या समाजात रक्त शुद्ध राहिलं, हाही मुद्दा त्यांच्या बाजूने मांडला गेला. मराठी वाचकाने इथे जरा थांबावं. सातच वर्षांपूर्वी, १९१६ मध्ये, आंबेडकरांनी कोलंबियातल्या एका चर्चासत्रात निबंध वाचून दाखवलं होतं की जातीतल्या जातीत लग्न हेच जातिव्यवस्थेचं मूळ आहे. त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयात तीच प्रथा गोरेपणाचा दाखला म्हणून पुढे केली गेली.

न्यायालयाला ते पटलं नाही, पण कारण वेगळं होतं. तीनच महिन्यांपूर्वी याच न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी अर्जदाराला सांगितलं होतं, 'गोरा म्हणजे कॉकेशियन आणि तुम्ही ते नाही.' थिंड यांना सांगितलं, 'कॉकेशियन असून भागत नाही, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणेल तो गोरा.' दोन्ही निकाल न्यायमूर्ती जॉर्ज सदरलंड यांनी लिहिले, आणि ते स्वतः इंग्लंडमध्ये जन्मून अमेरिकेत आलेले होते.

निकालानंतर सरकारने आधी नागरिक झालेल्या भारतीयांचं नागरिकत्व काढून घ्यायचा सपाटा लावला. त्यात एक नाव होतं लॉस एंजेलिसचे वकील सखाराम गणेश पंडित. थिंड यांच्या बाजूने उभे राहिलेल्या वकिलांपैकी ते एक, आणि स्वतः १९१४ मध्ये नागरिक झालेले. आता त्यांच्यावरच खटला आला. मी गोरा आहे की नाही, या वादात ते शिरलेच नाहीत. न्यायालयाने सगळं पाहून एकदा नागरिकत्व दिलं, त्या भरवशावर मी घर घेतलं, वकिली केली, संसार मांडला. आता तोच प्रश्न पुन्हा उकरता येणार नाही, असं त्यांनी मांडलं. १९२६ मध्ये अपील न्यायालयात ते जिंकले. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं म्हणणं ऐकायलाही नकार दिला आणि उरलेल्या भारतीयांवरच्या अशा कारवाया बंद पडल्या. आपल्याकडे हे नाव जितकं माहीत असायला हवं, तितकं नाही.

कोट्याचं गणित

१९२४ मध्ये अमेरिकेने वंशाचं गणित थेट कायद्यात बसवलं. १८९० च्या जनगणनेत एखाद्या देशात जन्मलेले जितके लोक अमेरिकेत होते, त्याच्या दोन टक्के इतका त्या देशाचा वार्षिक कोटा. ताज्या जनगणना हाताशी असताना इतकी जुनी का घेतली? कारण इटालियन, पोलिश, रशियातले ज्यू असे लोक मोठ्या संख्येने आले ते १८९० नंतर. जुनी जनगणना धरली की त्यांचा हिस्सा आपोआप आकसतो. १९२९ मध्ये सूत्र बदललं, पण हेतू तोच राहिला. वर्षाच्या सुमारे १ लाख ५४ हजार जागांपैकी ब्रिटनला ६५,७२१, जर्मनीला २५,९५७ आणि आयर्लंडला १७,८५३. इटलीला ५,८०२. ब्रिटनच्या जागा बऱ्याचदा रिकाम्या राहायच्या, पण त्या दुसऱ्या कुणाला देता येत नव्हत्या.

भारताच्या नावावरही कागदोपत्री शंभर जागा होत्या. पण ज्यांना नागरिक होता येत नाही त्यांना येताच येणार नाही, अशी अट होती. म्हणजे पुण्यात जन्मलेला इंग्रज त्या शंभरात बसायचा, पुण्यातला मराठी माणूस नाही.

१९२४ मध्ये या कायद्याला संसदेत कडाडून विरोध करणाऱ्यांत ब्रुकलिनहून नुकताच निवडून आलेला एक तरुण सदस्य होता, इमॅन्युएल सेलर. तो हरला. पुढची एकेचाळीस वर्षं तो त्याच सभागृहात बसून राहिला आणि १९६५ मध्ये तो कोटा मोडणाऱ्या कायद्यावर त्याचंच नाव लागलं. संसदीय चिकाटीचं इतकं लख्ख उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

मधल्या काळात त्याने भारतीयांसाठी एक खिडकी उघडली होती. महायुद्धात चीन मित्रदेश असल्यामुळे १९४३ मध्ये चिनी लोकांवरची बंदी उठली आणि त्यांना १०५ चा कोटा मिळाला. मग भारताचं काय, असा प्रश्न आलाच. जे. जे. सिंग यांच्या इंडिया लीगने वॉशिंग्टनमध्ये बरीच खटपट केली आणि जुलै १९४६ मध्ये ल्यूस-सेलर कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांची सही झाली. वर्षाला शंभर भारतीय, आणि मुख्य म्हणजे नागरिक होण्याचा हक्क. दलिपसिंग सौंद हे १९२० पासून अमेरिकेत होते. बर्कलीतून गणितात पीएचडी केली, आणि पोटासाठी कॅलिफोर्नियात शेती. नागरिकत्वाला अपात्र म्हणून त्या राज्यात स्वतःच्या नावावर जमीन घेता येत नव्हती. ते १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये थेट संसदेवर निवडून गेले.

१९५२ च्या कायद्याने आशियाई लोकांना नागरिकत्वाची सरसकट मुभा दिली, पण कोटे तसेच ठेवले. ट्रुमन यांनी नकाराधिकार वापरला आणि संसदेने तो झुगारून दिला. त्यात एक चमत्कारिक नियम होता. बाकी जगातली माणसं जन्माच्या देशानुसार मोजायची, आशियाई माणसं मात्र रक्तानुसार. लंडनमध्ये जन्मलेल्या भारतीय आईबापांच्या मुलाला ब्रिटनच्या ६५ हजारांत जागा नव्हती, त्याला भारताच्या शंभरातच उभं राहावं लागे.

१९६५: काय बदललं, कुणी बदललं

साठच्या दशकात हे टिकणं अवघड होतं. देशात कृष्णवर्णीयांची नागरी हक्कांची चळवळ, बाहेर सोव्हिएत रशियाशी शीतयुद्ध, आणि आशिया-आफ्रिकेत नवे स्वतंत्र देश. समतेच्या गप्पा मारणारा देश दारावर वंश विचारतो, हे त्या देशांना समजावून सांगणं कठीण झालं होतं. जुलै १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी कोटापद्धत रद्द करायचा प्रस्ताव संसदेकडे पाठवला. नोव्हेंबरमध्ये त्यांची हत्या झाली. त्यांच्या जागी आलेल्या जॉन्सन यांनी तो उचलला आणि १९६४ च्या निवडणुकीत मिळालेल्या प्रचंड बहुमताच्या बळावर पुढे रेटला. १९६४ चा नागरी हक्क कायदा, १९६५ चा मतदान हक्क कायदा आणि हा स्थलांतराचा कायदा ही एकाच राजकीय लाटेची तीन अपत्यं आहेत. पहिल्या दोघांसाठी ज्यांनी रस्त्यावर मार खाल्ला, त्यांच्या लढ्याचा फायदा तिसऱ्यातून आपल्याला मिळाला. अमेरिकेतले भारतीय हे फारसं बोलून दाखवत नाहीत.

मूळ प्रस्तावात कौशल्याला पहिला मान होता. इथे ओहायोचे मायकेल फाइगन आडवे आले. स्थलांतर उपसमितीची सूत्रं त्यांच्या हातात होती आणि कोटा मोडणं त्यांना पसंत नव्हतं. शेवटी ते तयार झाले ते क्रम उलटा करून: आधी नातेवाईक, मग कौशल्य. हिशेब साधा होता. अमेरिकेत आज गोरे युरोपीय जास्त आहेत, तेव्हा नातेवाईक बोलावणारेही तेच असणार. कोटा नावापुरता जाईल आणि लोकसंख्येचं रूप तसंच राहील.

नव्या कायद्याची रचना अशी झाली. पूर्व गोलार्धाला, म्हणजे युरोप, आशिया आणि आफ्रिकेला, मिळून वर्षाला १ लाख ७० हजार जागा, आणि कुठल्याही एका देशाला २० हजारांपेक्षा जास्त नाहीत. त्या जागांपैकी ७४ टक्के नातेवाइकांसाठी. त्यातला सर्वांत मोठा तुकडा, २४ टक्के, अमेरिकी नागरिकांच्या भावाबहिणींचा. म्हणून टीकाकार त्याला 'भाऊबहीण कायदा' म्हणायचे. २० टक्के नोकरी आणि कौशल्यासाठी: १० टक्के डॉक्टर-इंजिनियर-शास्त्रज्ञ वगैरे व्यावसायिकांना, १० टक्के ज्यांची टंचाई आहे अशा कामगारांना. ६ टक्के निर्वासितांना. नागरिकाची बायको किंवा नवरा, अल्पवयीन मुलं आणि आईवडील यांना मर्यादाच नाही. ते हिशेबाबाहेर.

याच 'उदार' कायद्यात समलिंगी लोकांना दारातच अडवणारा शब्दप्रयोगही नव्याने घातला गेला आणि तो १९९० पर्यंत राहिला. कायदे एकाच रंगाचे नसतात.

आता त्यावेळची भाकितं पाहा. हत्या झालेल्या केनेडींचे भाऊ आणि तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडींनी १९६४ मध्ये संसदीय समितीला सांगितलं की आशियातून पहिल्या वर्षी पाचेक हजार लोक येतील आणि मग हा ओघ जवळजवळ आटेल. सेलर म्हणाले, आशिया-आफ्रिकेतल्या लोकांचे इथे नातेवाईकच कमी आहेत, तर येणार किती? ३ ऑक्टोबर १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी सही करताना जॉन्सन म्हणाले की हा काही क्रांतिकारक कायदा नाही, लाखो लोकांच्या आयुष्यावर त्याचा परिणाम होणार नाही. यातलं किती मनापासून होतं आणि किती विरोधकांची समजूत काढण्यासाठी, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. माझं मत विचाराल तर बहुतेकांना खरंच तसं वाटत होतं. भारतासारख्या देशाकडे त्यांनी नीट पाहिलंच नव्हतं.

मग नेमकं काय झालं

युरोप तेव्हा सुस्थितीत येत होता. जर्मन किंवा इंग्रज माणसाला भावाला अमेरिकेत बोलवायची निकड उरली नव्हती. नातेवाइकांच्या जागा होत्या, पण त्या भरायला ज्यांनी यावं असं फाइगन यांना वाटत होतं, तेच येईनात.

भारताकडे नातेवाइकांचा आधार नव्हता, पण व्यावसायिकांचा १० टक्क्यांचा दरवाजा होता. आणि वेळ अशी जुळली की बास. जुलै १९६५ मध्येच अमेरिकेने म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या सरकारी आरोग्य योजना आणल्या. रुग्ण एकदम वाढले. तरुण अमेरिकी डॉक्टर व्हिएतनाम युद्धात ओढले जात होते. डॉक्टरांची इतकी टंचाई होती की मजूर खात्याने त्यांना आधीच मंजूर केलेल्या व्यवसायांच्या यादीत टाकलं. एकेकाने आपली गरज वेगळी सिद्ध करायची गरज नव्हती. इकडे मुंबईचं ग्रँट आणि केईएम, पुण्याचं बी. जे., नागपूरचं मेडिकल इथून सरकारी खर्चात, इंग्रजीत शिकून डॉक्टर बाहेर पडत होते. आयआयटी पवई, व्हीजेटीआय, पुण्याचं सीओईपी इथून इंजिनियर. जुना कोटा टप्प्याटप्प्याने संपवून १ जुलै १९६८ पासून नवी पद्धत पूर्ण लागू झाली आणि हे लोक निघाले. भारतात परकीय चलनाची इतकी चणचण होती की खिशात आठ डॉलर घेऊन उतरलो, ही त्या पिढीची ठरलेली आठवण आहे.

१९६० मध्ये अमेरिकेत भारतात जन्मलेले जेमतेम १२ हजार लोक होते. १९८० मध्ये २ लाख ६ हजार. सत्तरच्या दशकात शहरोशहरी महाराष्ट्र मंडळं निघाली, आणि १९८१ मध्ये त्यांची शिखर संस्था असलेलं बृहन्महाराष्ट्र मंडळ.

डॉक्टरांचा दरवाजा १९७६ मध्ये, टंचाई संपली असं म्हणत, संसदेनेच बराचसा लोटून घेतला. पण तोवर नातेवाइकांचं कलम जागं झालं होतं. आलेला इंजिनियर पाच वर्षांनी नागरिक व्हायचा. नागरिक झाला की आईवडील विनारांग. भाऊबहीण २४ टक्क्यांत, त्यांच्याबरोबर त्यांची बायकामुलं. ती नागरिक झाली की त्यांच्या बाजूचे आईवडील आणि भाऊबहीण. म्हणजे युरोपीय वळण राखायला बसवलेलं कलम वापरलं कुणी? भारतीय, चिनी, फिलिपिनो आणि कोरियन कुटुंबांनी. ऐंशीच्या दशकात आलेल्या या दुसऱ्या तुकडीत सगळेच पदवीधर नव्हते. दुकानं, मोटेल, टॅक्सी, कारखाने असं मिळेल ते काम त्यांनी धरलं.

पहिल्या तुकडीबद्दल एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. 'भारतीय जात्याच हुशार, म्हणून अमेरिकेत सगळ्यांत श्रीमंत' हे वाक्य कौटुंबिक जेवणात हमखास ऐकू येतं. कायदा वाचला की त्यातली हवा जाते. दहावीपर्यंत पोहोचणंही अवघड असलेल्या देशातून कायद्याने वेचून डॉक्टर आणि इंजिनियर उचलले. त्या काळात त्या जागांवर पोहोचणारे बहुतांश शहरी आणि सवर्ण होते. चाळणीतून जे पडलं त्यावरून अख्ख्या देशाचा दाणा कसा आहे ते ठरत नाही. चाळणीबरोबर जातही तिकडे गेली, इतकी की फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने जातीवरून भेदभाव करायला स्पष्ट बंदी घातली. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर.

अमेरिकेचं चित्र एकूणच पालटलं. १९६५ मध्ये दर शंभरात पाच रहिवासी परदेशात जन्मलेले होते, २०१५ मध्ये चौदा. गोऱ्यांचं प्रमाण याच पन्नास वर्षांत ८४ टक्क्यांवरून ६२ वर आलं. हार्ट ज्या मिशिगन राज्याचे सिनेटर होते, तिथून आज श्री ठाणेदार संसदेत आहेत. बेळगावात वाढलेला, १९७९ मध्ये शिकायला गेलेला मराठी माणूस.

मेक्सिकोच्या वाट्याला आलेली बाजू

आपल्याकडे १९६५ चा कायदा म्हणजे दार उघडल्याची गोष्ट. मेक्सिकोत ती उलटी सांगावी लागते. त्याआधी उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या देशांवर संख्येची मर्यादाच नव्हती. शिवाय १९४२ पासून ब्रासेरो नावाच्या करारावर मेक्सिकन शेतमजूर हंगामापुरते येत आणि परत जात. मजूर संघटनांच्या दबावाखाली हा करार १९६४ मध्ये बंद झाला. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने पश्चिम गोलार्धावर प्रथमच वर्षाला १ लाख २० हजारांची मर्यादा घातली. विरोधकांची मतं मिळवण्यासाठी दिलेली ती किंमत होती. १९७६ मध्ये तिथेही प्रत्येक देशाला २० हजार.

शेतं तीच, पिकं तीच, मालक आणि मजूरही तेच. फक्त कालपर्यंत कागदावर येणारा माणूस आज बिनकागदाचा ठरला. 'बेकायदा घुसखोर' या नावाने जो प्रश्न अमेरिकी राजकारण गेली पन्नास वर्षं पेटवतंय, तो बऱ्याच अंशी इथे तयार झाला. १९८६ मध्ये रेगन यांनी सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर केलं. पण कायदेशीर येण्याची वाट रुंद केली नाही, त्यामुळे ते चक्र पुन्हा फिरायला लागलं.

रांग कशी लागली

१९९० मध्ये कायद्याची मोठी डागडुजी झाली. एच-वन-बी हा तात्पुरत्या नोकरीचा व्हिसा तेव्हाच जन्माला आला. नोकरीच्या आधारावरची ग्रीन कार्डं वाढवून वर्षाला १ लाख ४० हजार केली. आणि प्रत्येक देशाला सारखी मर्यादा हे १९६५ चं तत्त्व 'कुठल्याही देशाला सात टक्क्यांपेक्षा जास्त नाही' या रूपात चालू राहिलं.

इथेच गाठ बसली. एच-वन-बीला वर्षाला ६५ हजार, अधिक अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २० हजार इतकी मर्यादा आहे, पण देशवार मर्यादा नाही. त्यामुळे त्यातले सत्तर टक्क्यांच्या आसपास भारतीय असतात. ग्रीन कार्डाच्या दारात मात्र देश पाहिला जातो. १ लाख ४० हजारांचे सात टक्के म्हणजे ९,८००, आणि त्यातच बायको-मुलंही मोजायची. इतर देशांनी न वापरलेल्या जागा कधी भारताकडे वळतात, पण तो नशिबाचा भाग. चार लाखही वस्ती नसलेल्या आइसलंडला आणि दीड अब्जाच्या भारताला वरची मर्यादा एकच. १९६५ मध्ये हे न्यायाचं लक्षण वाटत होतं, कारण तुलना होती ब्रिटनच्या ६५ हजारांशी आणि भारताच्या शंभराशी.

कंपनीने मजूर खात्याकडे अर्ज टाकला की त्या दिवसाची तारीख तुमची 'प्रायॉरिटी डेट' होते. परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं आणि कुठल्या देशाची कुठली तारीख आली ते सांगतं. मास्टर्स किंवा तत्सम पात्रतेच्या ईबी-टू गटात भारताची तारीख २०२५ च्या अखेरीला २०१३ च्या आसपास रेंगाळत होती. कधी ती पुढे सरकण्याऐवजी मागेही जाते. भारतीय भावाबहिणींची रांगही जवळपास वीस वर्षांची आहे. म्हणजे ज्या कलमाने साखळी सुरू केली, ते आता केवळ नावापुरतं उरलं आहे.

एच-वन-बी मुळात सहा वर्षांचा. ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेल्यांना तो वाढवत नेता येतो, म्हणून माणसं वीस-वीस वर्षं 'तात्पुरती' राहतात. नोकरी गेली तर साधारण साठ दिवसांत दुसरी शोधायची. जोडीदाराला काम करायची परवानगी मिळाली ती २०१५ पासून, तीही अर्ज एका टप्प्याच्या पुढे गेला असेल तरच. सर्वांत वाईट अवस्था मुलांची. दोन वर्षांचं असताना आईबापांबरोबर गेलेलं मूल एकवीस वर्षांचं झालं की त्यांच्या अर्जातून बाहेर पडतं. वयाच्या हिशेबात थोडी सवलत देणारा कायदा २००२ पासून आहे, पण दशकभराची रांग त्यात मावत नाही.

मर्यादा जन्माच्या देशावर मोजतात, पासपोर्टावर नाही. मस्कतला नोकरी करणाऱ्या सांगलीच्या जोडप्याची मुलगी तिथे जन्मली असेल, तर पासपोर्ट भारतीय असूनही ती ओमानच्या रांगेत उभी राहते, आणि तिथे बहुधा रांगच नसते. तिचा नवरा सांगलीत जन्मलेला असला तरी तिच्या जन्मस्थानाचा फायदा त्याला मिळू शकतो. म्हणून स्थलांतराचा वकील पहिल्याच भेटीत दोघांच्या जन्मगावांची चौकशी करतो. १९५२ चा रक्ताचा नियम राहिला असता तर हे शक्य नव्हतं.

सात टक्क्यांची अट काढायचे प्रयत्न झाले आहेत. जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहाने तसं विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केलं. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही मंजूर केलं, पण बदललेला मसुदा. दोन्हींचा मेळ बसण्याआधी संसदेची मुदत संपली आणि दोन्ही विधेयकं बाद झाली. विरोधाला कारणही आहे. एकूण जागा न वाढवता फक्त देशाची अट काढली, तर काही वर्षं जवळजवळ सगळ्या जागा भारतीय आणि चिनी अर्जदार घेतील आणि ब्राझील, नायजेरिया किंवा इराणचा माणूस आज नसलेल्या रांगेत जाऊन उभा राहील. भारतीय गट हा मुद्दा उडवून लावतात, पण तो खोटा नाही. खरा इलाज जागा वाढवण्याचा आहे, आणि त्याला मतं मिळत नाहीत.

बातम्या वाचताना एक फरक ध्यानात ठेवलेला बरा. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लागलं ते राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने. अशी घोषणा न्यायालयात अडू शकते किंवा पुढचा राष्ट्राध्यक्ष मागे घेऊ शकतो. सात टक्के, १ लाख ४० हजार आणि नातेवाइकांचा क्रम हे मात्र संसदेच्या कायद्यात आहे. त्याला कुणाही राष्ट्राध्यक्षाची सही एकट्याने हात लावू शकत नाही, मग तो भारतीयांचा मित्र म्हणवणारा असो की विरोधक.